एक औषध, दोन विषाणू

एचआयव्ही आणि ‘ब’ प्रकारची कावीळ हे विकार भिन्न. परंतु दोहोंचेही विषाणू वाढीच्या एका टप्प्यावर आरएनएपासून डीएनए तयार करतात. त्यासाठी लागणाऱ्या विकराचे कार्य टेनोफोव्हिर हे औषध रोखते. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ आंतोनिन होली यांच्या संशोधनातून निष्पन्न झालेल्या या औषधास अमेरिकेत २००१ मध्ये एचआयव्हीसाठी, तर २००८ मध्ये काविळीसाठी मान्यता मिळाली. भारतात एचआयव्हीवरील मोफत औषधोपचार शासकीय केंद्रांतून २००४ साली सुरू झाले.

औषधाने विषाणूंची वाढ थांबते; समूळ उच्चाटन मात्र होत नाही. एचआयव्ही रक्तातील पेशींत, तर काविळीचा विषाणू यकृतपेशींच्या केंद्रकात दडून राहतो. त्यामुळे दोन्ही विषाणू असलेल्या रुग्णाने बरे वाटते म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्यास यकृतास अकस्मात तीव्र सूज येऊ शकते आणि प्रसंगी ती प्राणघातक ठरते. अशा वेळी डोळे पिवळे दिसताच झाडपाल्याकडे वळणे तर अधिकच घातक होय.

ऊसतोडणीसाठी गाव सोडणाऱ्या मजुरांत असे रुग्ण असू शकतात. पुढील महिन्यांच्या गोळ्यांची व्यवस्था केंद्रातून आधीच करून घ्यावी, ही सूचना ग्रामपंचायतीने सर्वांनाच द्यावी. त्यासाठी कोणाचे नाव विचारण्याचे कारण नाही.