मूलपेशी व मानवी क्लोनिंग : मंडळीच्या अभ्यासासाठी एक धडा



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ताथवडे येथील एक दांपत्य माझ्या घरी आले. गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात कामास आहेत. ज्या शिवारात त्यांचे आजोबा ज्वारी पेरीत, तेथे आता उंच इमारती व कॉलेजे उभी आहेत. वडिलार्जित जमिनीपैकी दोन गुंठे तेवढे उरले आहेत. त्यांची सात वर्षांची मुलगी अद्याप चालू शकत नाही. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूस इजा झाली, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. गृहस्थांच्या हाती एका खाजगी दवाखान्याचे रंगीत पत्रक होते. ‘स्टेम सेल’ उपचाराने अशी मुले चालू लागतात, असे त्यात छापले होते. आणि खर्चाचा आकडा असा होता की, ते दोन गुंठे विकल्यावाचून तो उभा राहणे शक्य नव्हते.

बाईंनी विचारले, “पाळकसाहेब, हे क्लोनिंग तर नव्हे? ह्यात पाप तर नाही ना?”

गृहस्थांनी विचारले, “गुण येईल का?”

मला दोहोंपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तत्काळ देता आले नाही. म्हणून आठ दिवसांची मुदत मागून घेतली, मिळेल ते वाचले व जाणकारांस विचारले. त्यातून जे समजले ते येथे क्रमाने मांडतो. असे पत्रक आज एका घरी आले, उद्या ते दहा घरी येईल, आणि तेव्हा आपल्या उपदेशकांस उत्तर देणे भाग पडेल.

१. मूलपेशी म्हणजे काय?

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. कातडीची पेशी कातडीचे काम करिते, स्नायूची पेशी स्नायूचे. परंतु काही पेशी अशा आहेत की, त्या आपल्यासारख्या आणखी पेशी उत्पन्न करितात व प्रसंगी निराळ्या प्रकारच्या पेशीही बनतात. ह्यांस मूलपेशी म्हणतात. हाडांतील मगजात अशा पेशी असतात, व त्यांपासून आपले रक्त नित्य नवे होत असते. बाळाच्या नाळेतील रक्तातही त्या सापडतात.

मगजातील मूलपेशींचा उपचार खरा व सिद्ध झालेला आहे. १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी ह्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या एका मुलीवर हा उपचार केला; मगज बदलण्याचा आपल्या देशातील तो पहिला प्रयोग होय. आज रक्ताचे काही कर्करोग, थॅलसेमिया व रक्ताचे असेच इतर काही विकार ह्यांवर तो केला जातो. तेव्हा ‘मूलपेशी’ हा शब्द ऐकताच भिण्याचे कारण नाही.

दुसरा प्रकार गर्भांकुरातील मूलपेशींचा. स्त्रीबीजाचे फलन झाल्यावर पाच-सहा दिवसांच्या अंकुरात ज्या पेशी असतात, त्यांपासून शरीराचा कोणताही भाग बनू शकतो. १९९८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन ह्यांनी अशा मानवी पेशी प्रथम वेगळ्या काढून वाढविल्या. परंतु त्या काढताना तो अंकुर नाश पावतो. सर्व वादाचे मूळ येथे आहे.

२. क्लोनिंग म्हणजे काय?

ताथवडे येथील पशुसंवर्धन खात्याचे वळूमाता प्रक्षेत्र आपल्या भागातील शेतकऱ्यांस परिचयाचे आहे. म्हणून तेथलाच दाखला घेऊ. चांगल्या वळूचे रेतन गाईस दिले म्हणजे जी कालवड होते ती आई व बाप ह्या दोघांची असते. क्लोन मात्र एकाच जनावराची प्रत होय. स्त्रीबीजातील केंद्रक काढून टाकावयाचे, त्या जागी एखाद्या जनावराच्या शरीरातील पेशीचे केंद्रक घालावयाचे, आणि तो अंकुर दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात वाढवावयाचा, अशी ही रीत आहे.

१९९६ साली स्कॉटलंडमधील रॉसलिन संस्थेत ‘डॉली’ नावाची मेंढी ह्या रीतीने जन्मली. त्यासाठी २७७ बीजे सिद्ध करावी लागली, व त्यांतून ती एकटी जगली. आपल्या देशात कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ च्या फेब्रुवारीत म्हशीचे असे पहिले रेडकू झाले. ते थोडेच दिवस जगले. त्याच वर्षी दुसरे झाले. १६ मार्च २०२३ रोजी तेथेच ‘गंगा’ नावाची गीर जातीची कालवड जन्मली.

जनावराच्या बाबतीत इतके गर्भ वाया जातात, इतकी पिले जन्मताच मरतात. मग मनुष्याच्या बाबतीत तसे करू पाहणे म्हणजे किती मुलांस मरणासाठी किंवा व्यंगासाठी जन्मास घालणे होईल! शिवाय जे मूल जगेल ते दुसऱ्या कोणाची तरी प्रत म्हणूनच मागविलेले असेल. ‘तू अमक्यासारखा हो’ असा हुकूम त्याच्या जन्माआधीच सुटलेला असेल. म्हणून धर्म मानणारे व न मानणारे, ह्या दोघांनीही मानवी क्लोनिंगास बहुतेक एकमुखाने नकार दिला आहे.

३. गर्भांकुराविषयी मतभेद

गर्भांकुराविषयी मात्र एकमत नाही, व ते आहे असे आपण भासवू नये. रोमन कॅथलिक मंडळी फलनाच्या क्षणापासून अंकुरास मनुष्याचा मान देते, व त्याचा नाश करणारे संशोधन निषिद्ध मानते. यहुदी परंपरेत पहिल्या चाळीस दिवसांचा गर्भ निराळ्या दर्जाचा मानला आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत दोन्ही बाजूंचे भाविक व विचारी लोक आहेत. एक पक्ष म्हणतो की, जो स्वतःचा बचाव करू शकत नाही त्याचेच रक्षण प्रथम केले पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो की, मूल होण्यासाठी प्रयोगशाळेत केलेल्या उपचारातून जे अंकुर उरतात ते तसेही टाकून दिले जातात. त्यांपासून एखाद्या रोग्यास आराम पडत असेल तर तेही दयेचे काम आहे.

ह्या वादात १९८४ साली इंग्लंडातील वॉरनॉक समितीने चौदा दिवसांची मर्यादा सुचविली. साधारण त्या सुमारास अंकुरात पाठीच्या कण्याची पहिली रेषा उमटते, व त्यानंतर एका अंकुराची जुळी होत नाहीत. ही मर्यादा पुष्कळ देशांनी स्वीकारली. २०२१ साली मूलपेशी-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय सोसायटीने ती सरसकट मनाईच्या यादीतून काढली, म्हणजे वाद पुन्हा उघडला आहे. दरम्यान जपानच्या शिन्या यामानाका ह्यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली माणसाच्या कातडीच्या पेशींस मूलपेशींसारखे रूप दिले. त्यात अंकुर लागत नाही. २०१२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. अनेकांच्या मनावरचे ओझे ह्या शोधाने हलके केले.

४. आपल्या सरकारचे धोरण

महाराष्ट्राचा ह्या गोष्टीशी संबंध जुना आहे. २००१ च्या ऑगस्टात अमेरिकेच्या अध्यक्षांनी ठरविले की, सरकारी पैसा केवळ तोवर सिद्ध झालेल्या गर्भांकुर-पेशींवरील संशोधनास मिळेल. त्या पेशींची जी यादी निघाली तीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात पेशीमालिका होत्या, व बंगळूरच्या एका संस्थेच्या तीन. तेव्हा हा प्रश्न परदेशचा म्हणून आपणांस बाजूस सारता येत नाही. आपल्या भागातही, औंधापलीकडे विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र काम करीत आहे.

८ मार्च २००५ रोजी संयुक्त राष्ट्रसभेने मानवी क्लोनिंगाविरुद्ध जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत केला. भारताने विरुद्ध मत दिले. हे वाचून काहींस धक्का बसेल. परंतु भारतास मानवी प्रत जन्मास घालावयाची होती असे नव्हे. तशी गोष्ट त्यासही नामंजूर होती. रोगनिवारणासाठी पेशींवर करावयाचे संशोधन त्याच मनाईत ओढले जाऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग ह्यांनी २००७ साली नियम केले व ते २०१३ आणि २०१७ साली सुधारले. त्यांचा सारांश असा : मनुष्याची प्रत जन्मास घालण्याचे संशोधन निषिद्ध. अखंड मानवी अंकुर चौदा दिवसांपलीकडे, किंवा ती पहिली रेषा उमटल्यावर, वाढविणे निषिद्ध. उरलेले अंकुर वापरावयाचे तर ज्यांचे ते आहेत त्यांची समजून-उमजून दिलेली संमती पाहिजे. २०२१ च्या कायद्याने संशोधनासाठी मानवी अंकुर विकणे हा गुन्हा ठरविला आहे. २०१७ चे नियम स्वतः कायदा नव्हेत, मार्गदर्शक आहेत, ही त्यांची उणीव पुष्कळांनी दाखविली आहे. तथापि २०१९ च्या औषधचाचणी-नियमांप्रमाणे मूलपेशींपासून केलेले औषध ‘नवे औषध’ गणले जाते, व परवानगीवाचून ते विकता येत नाही.

नाळेचे रक्त पैसे भरून साठविण्याविषयीही ह्याच नियमांत स्पष्ट सूचना आहे. आपल्या बाळाच्या पुढील उपयोगासाठी ते ठेवण्यास शास्त्राचा आधार नाही. मूल आनुवंशिक रोगाने आजारी पडले तर त्याच्या नाळेच्या पेशींतही तोच दोष असावयाचा. घरात आधीच असा रोगी असेल की ज्यास त्या रक्ताचा उपयोग होईल, तर गोष्ट निराळी.

५. पत्रकाची कसोटी

आता त्या दांपत्याच्या प्रश्नांकडे वळू. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर सोपे निघाले. त्या दवाखान्यात मुलीच्याच कमरेच्या हाडातून मगज काढून त्यातील पेशी तिला परत टोचावयाच्या होत्या. ह्यात क्लोनिंग नाही, गर्भांकुरही नाही.

गृहस्थांचे उत्तर कठीण होते. रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी हा उपचार मान्य आहे. मेंदूच्या अशा इजेसाठी नाही. जो उपचार मान्य नाही तो केवळ नोंदलेल्या चाचणीत करावा, नीतिसमितीची परवानगी असावी, आणि रोग्याकडून त्यासाठी पैसा घेऊ नये, असा नियम आहे. हा शेवटचा नियम प्रत्येक घरी ठाऊक असावा. ज्याचा गुण अजून सिद्ध व्हावयाचा आहे त्याचा खर्च शोध करणाराने सोसावा, रोग्याने नव्हे. म्हणून असिद्ध उपचारास जेथे लाखांची मागणी होते, तेथे ती मागणी हीच धोक्याची खूण होय. धोका पैशापुरताही नसतो : मॉस्को येथे गर्भपेशी टोचून घेतलेल्या एका इस्रायली मुलाच्या मेंदूत व कण्यात गाठी झाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले आहे.

मी त्यांस तीन प्रश्न लिहून दिले : हा उपचार ह्या रोगासाठी मान्य आहे काय? नसल्यास चाचणीचा नोंदणी-क्रमांक कोणता? चाचणी असल्यास पैसे कशाचे? गृहस्थ दवाखान्यात जाऊन आले. क्रमांक मिळाला नाही. ‘जागा थोड्या आहेत, लवकर ठरवा’ एवढे मात्र मिळाले.

६. ह्यातून काय शिकावे?

मनुष्याची प्रत काढणे आपणांस भयंकर वाटते, कारण त्यात एक मनुष्य दुसऱ्याच्या इच्छेचे साधन होतो. अंकुराचा वादही त्याच भयाने चालला आहे. मग आजारी मुलाच्या आईबापांची आशा विकून पैसा करणे हे तरी दुसरे काय? पहिल्या गोष्टीवर आपण चावडीवर तास न् तास बोलतो, ती अजून कोठे घडलेली नाही. दुसरी आपल्या उंबऱ्यापाशी घडते, आणि तिच्याविषयी आपण मुके राहतो.

त्या मुलीची जमीन विकली गेली नाही. ती अजून चालत नाही. हे मी लपवीत नाही. तिला नियमित व्यायामोपचार चालू आहे, आणि अशा मुलांसाठी सरकारच्या ‘निरामय’ योजनेतून वर्षास एक लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाचा विमा मिळतो, त्याचा अर्ज आम्ही भरला आहे. पत्रकास ‘नाही’ म्हणून आपले काम संपत नाही. ज्या घरास आपण ‘थांबा’ म्हणतो, त्या घरी पुढल्या आठवड्यात पुन्हा जाणे आपणांवर बंधनकारक होते.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. मगजातील मूलपेशी व गर्भांकुरातील मूलपेशी ह्यांत भेद काय?
२. वळूच्या रेतनाने झालेली कालवड व क्लोन केलेली कालवड ह्यांत अंतर कोणते?
३. अंकुराविषयीचे दोन्ही पक्ष, आपणांस न पटणारा पक्ष आधी, न्यायाने मांडून दाखवा.
४. असिद्ध उपचारासाठी रोग्याकडून पैसा का घेऊ नये?
५. आपल्या गावात असे मूल कोणत्या घरी आहे, आणि त्या घरी आपण शेवटचे केव्हा गेलो?