शिकणारा प्रवासी : व्हिएतनामचीं वस्त्रें व कुंभारकाम

प्रवासास निघालेला मनुष्य बहुधा दोनच गोष्टी करून परततो : तो पाहतो व विकत घेतो. यांखेरीज तिसरीही एक गोष्ट आहे, ती शिकणें. परमुलखांतील कारागिरापाशीं बसून, त्याचें हत्यार हातीं घेऊन, त्याच्या कामाचा अल्प तरी भाग स्वतः करून पाहावयाचा, अशा प्रवासास इ. स. २००० मध्यें ग्रेग रिचर्ड्स व क्रिस्पिन रेमंड या अभ्यासकांनीं ‘सर्जनशील पर्यटन’ असें नांव दिलें. हा विषय आम्ही व्हिएतनाम देशाच्या उदाहरणानें मांडणार आहों. त्या देशाच्या सरकारदफ्तरीं ५४ लोकसमूहांची नोंद असून, त्यांपैकीं कित्येकांची ओळख अंगावरील वस्त्रावरूनच पटते.

विद्यार्थ्यांनीं नकाशा पुढें घ्यावा. अगदीं उत्तरेस, चीनच्या सीमेलगत, सापा नांवाचें थंड हवेचें गांव आहे. त्याच्या आसपासच्या डोंगरांत ह्मोंग लोक राहतात. यांचें जुनें वस्त्र कापसाचें नव्हे, तर भांगेच्या जातीच्या झाडाच्या सालीचें. भांग म्हटली कीं आपल्याकडे नशाच आठवते. तेथें मात्र तें झाड धाग्याकरितां पेरतात. पेरणी दाट करावयाची, म्हणजे झाडें फांद्या न फुटतां सरळ उंच वाढतात. सुमारें अडीच महिन्यांनीं तीं कापून वाळवितात व साल हातानें सोलून तिच्या बारीक पट्ट्या काढतात. मग कांडून त्या मऊ केल्या जातात.

यापुढचें काम सर्वांत कंटाळवाणें, आणि आमच्या मतें सर्वांत थोर. प्रत्येक पट्टी झाडाच्या उंचीपेक्षां लांब असूं शकत नाहीं. म्हणून एकीचें टोंक दुसरीच्या टोंकाशीं बोटांनीं पिळून जोडावें लागतें. गांठ चालत नाहीं, कारण गांठ मागांत अडते. ह्मोंग स्त्री हें काम शेताच्या वाटेवर, बाजारास जातांना, शेजारणीशीं बोलतांना करीत असते. पुढें पायानें चालवावयाच्या मोठ्या चाकावर एकाच वेळीं अनेक चात्यांस पीळ दिला जातो, सूत राखेच्या पाण्यांत वारंवार उकळून पांढरें करितात आणि मग तें मागावर चढतें. विणलेलें कापडही खरबरीत असतें. तें लांकडाच्या ओंडक्यावर घेऊन वर जड दगड ठेवितात, आणि त्या दगडावर दोन्ही पाय देऊन स्त्री डावीउजवीकडे झुलत राहते, तेव्हां कोठें कापडास गुळगुळीतपणा व चकाकी येते.

आतां नक्षी. लांकडी दांडीस तांब्याचीं पातळ पातीं बसविलेली लेखणी वितळलेल्या मेणांत बुडवून कापडावर रेघा ओढतात. नंतर तें निळीच्या पिंपांत बुडवितात. नीळ आपल्या देशास परकी नाहीं. परंतु आपली गुळीची वनस्पति निराळी व सापाकडील झुडूप निराळें. रीति मात्र मिळती आहे : पानें पाण्यांत कुजवावयाचीं, त्यांत चुना घालून घुसळावयाचें आणि खालीं बसलेला गाळ घ्यावयाचा. शास्त्र शिकणाऱ्या मुलांनीं येथें लक्ष द्यावें. पिंपांतून बाहेर काढतांना कापड हिरवट दिसतें. हवेंतील प्राणवायूशीं संयोग होतांच तें डोळ्यांदेखत निळें होतें. गडद रंगाकरितां बुडविणें व वाळविणें अनेक दिवस चालतें. शेवटीं उकळत्या पाण्यांत मेण वितळून जातें, आणि जेथें मेण होतें तेथें पांढरी रेघ राहते.

मृत मनुष्यास या झाडाच्या धाग्याचें वस्त्र नेसविलें नाहीं, तर पूर्वज त्यास ओळखणार नाहींत, अशी ह्मोंग लोकांची परंपरागत समजूत आहे. आमची श्रद्धा निराळी आहे. तथापि ज्या लोकांनीं आपली ओळख मरणापलीकडेही एका धाग्यावर टांगली, त्यांच्या बाजारांत घासाघीस करण्यापूर्वीं प्रवाशानें हें जाणून असावें, असें आम्हांस वाटतें.

कारण त्याच बाजारांत यंत्रावर छापलेलें, कृत्रिम धाग्याचें, अगदीं तशाच नक्षीचें कापड थोड्या किंमतीस मिळतें. नवख्यास दोहोंतील भेद कळत नाहीं. ज्यानें घटकाभर मेणाची लेखणी धरून चार रेघा वांकड्या ओढल्या आहेत, त्यास तो कळतो, आणि हस्तकामाची किंमत अधिक कां हेंही विचारावें लागत नाहीं. सर्जनशील प्रवासाचा खरा उपयोग हाच. पण त्यांत एक धोकाही आहे. प्रवाशांचे वर्ग भरतात ते बहुधा मेण व निळीचे. हें काम देखणें व लवकर आटोपणारें. टोंकास टोंक जोडण्याचें काम शिकावयास पैसे देऊन कोण बसणार? वर्गाकरितां तयार सुती कापड आणलें, म्हणजे निळीचें पिंप टिकेल, पण भांगेचें शेत नाहींसें होईल. म्हणून, जेथें पेरणीपासून सर्व काम गांवांतच होतें, तेथें जाणें अधिक बरें. पूर्वीच्या हा ज्यांग प्रांतांत (२०२५ पासून हा भाग तुयेन क्वांगमध्यें मोडतो) लुंग ताम येथें स्त्रियांची सहकारी मंडळी असें काम करीत आली आहे. आणखी एक : सापाच्या रस्त्यांवर लहान मुली कंकणें व पिशव्या विकतात. त्यांच्याकडून कांहीं विकत घेऊं नये, अशी तेथील अधिकाऱ्यांची विनंती आहे. शिक्षक या नात्यानें आम्ही तिला पूर्ण अनुमोदन देतों. कला आईपाशीं शिकावी, आणि शाळाही बुडूं नये.

दक्षिणेकडे किनाऱ्यानें गेलें असतां फान रांग नगराजवळ चाम लोकांचीं दोन गांवें लागतात : विणकामाचें मी न्गिएप व कुंभारकामाचें बाउ त्रुक. चाम हे प्राचीन चंपा राज्याचे वंशज. त्या राज्याचे संस्कृत शिलालेख आजही मी सन येथील देवालयांच्या परिसरांत आहेत, म्हणून हिंदी वाचकास हे लोक अगदींच दूरचे वाटूं नयेत. चामांत घराणें आईकडून चालतें, आणि मडकीं घडविण्याची विद्याही आईकडून मुलीकडे जाते. बाउ त्रुकमध्यें कुंभाराचें चाक नाहीं! मडकें स्थिर असतें आणि कुंभारीणच त्याभोंवतीं उलट पावलीं फिरते. ओल्या फडक्यानें कड गुळगुळीत करिते. भट्टीही बांधलेली नसते. उघड्यावर लांकडें व पेंढा रचून मडकीं भाजतात. यामुळें कोणतींही दोन मडकीं सारखीं निघत नाहींत. २०२२ मध्यें युनेस्कोनें या कलेची नोंद तांतडीनें रक्षण करावयाच्या वारशाच्या यादींत केली. यादींत नांव येणें हा मान असला, तरी ही विशिष्ट यादी दुखणाइतांची आहे, हें विसरूं नये.

हनोईजवळचें वान फुक हें रेशमाचें गांव, दक्षिणेस तान चाऊ येथें एका फळाच्या रसांत पुनःपुन्हां बुडवून काळें केलेलें रेशीम, २०२३ मध्यें हस्तकलेकरितां युनेस्कोच्या सर्जनशील नगरांत गणलें गेलेलें होई आन, यांचा नुसता उल्लेख करून पुढें जातों. ज्यांस अधिक जाणण्याची इच्छा असेल त्यांच्याकरितां हनोई येथें लोकजीवनाचें मोठें संग्रहालय १९९७ पासून आहे.

प्रेषित पौल तंबू करण्याचा धंदा जाणत होता; तेव्हां हात मळविण्यास आमच्या विद्यार्थ्यांनींही लाजूं नये. त्यांच्यासाठीं एक अभ्यास देतों. अंबाडीच्या वाळलेल्या सालीच्या दोन दोन हात लांबीच्या पट्ट्या घ्याव्या, व गांठ न मारतां, केवळ पिळून, दहा जोड करावे. ओढल्यावर सुटेल तो जोड धरूं नये. लागलेला वेळ लिहून ठेवावा. आतां एक हात लांब व एक हात रुंद कापडांत इंचास वीस धागे धरले, तर १८ इंचांच्या हातास उभे ३६० व आडवे ३६० धागे, म्हणजे ७२० हात सूत होतें. त्यास सुमारें ३६० जोड लागतील. आपल्या एका जोडाचा वेळ त्यानें गुणून उत्तर मराठीच्या तासास घेऊन यावें.