पाच गाड्या आणि अठरा शनिवार

चंद्रपूर



ताईचा फोन आला तेव्हा तुझा मामा गॅरेजात एका बुलेटची क्लच प्लेट बदलत होता. भाच्याने नोकरी सोडली, कर्ज काढून पाच गाड्या घेणार, घरच्यांनी मिळून पर्यटकांना चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मोटरसायकलने फिरवणार, असं तिने एका दमात सांगितलं. ती काळजीत होती. मामाला मात्र आनंद झाला, आणि त्या आनंदातच हे पत्र लिहायला घेतलं.

पाठवलेल्या माहितीपत्रकावर वाघाचा मोठा फोटो आहे. तो आधी काढ.

ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. मोहर्ली असो की कोलारा, गेटच्या आत पर्यटक जातो तो नोंदणी झालेल्या जिप्सीत, गाइडसोबत. मोटरसायकलला तिथे जागा नाही, आणि नसावीच. मंगळवारी सफारी बंद, पावसाळ्यात गाभा क्षेत्र तीन महिने बंद. ज्याने वाघाचा फोटो पाहून पैसे भरले, तो गेटवर थांबवला की भांडणार, आणि त्याचं भांडण खरं असणार. सफारी हवी असेल तर त्याने ती वेगळी नोंदवावी. तुझा माल दुसरा आहे, आणि तो दक्षिणेकडे आहे.

चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली. वाटेत चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एक होतात आणि पुढे नदीचं नाव प्राणहिता होतं. तिथे गाड्या बंद करून पंधरा मिनिटं पाणी पाहू दे, बोलू नकोस. आलापल्लीचं सागवान तर नावाजलेलंच. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आपल्या या दोन जिल्ह्यांतलंच सागवान बल्लारपूरहून गेलं. आलापल्लीहून एक वाट सिरोंच्याला, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि जवळच वडधमला डायनासोरच्या काळातले जीवाश्म सापडले आहेत. दुसरी वाट हेमलकसा आणि भामरागडला, तीन नद्यांच्या संगमावर.

हेमलकसा हे 'पाहण्याचं ठिकाण' म्हणून विकू नकोस. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला; प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी रस्ता, वीज नसताना माडिया लोकांसाठी दवाखाना उभा केला. आजही तिथे रुग्ण येतात, मुलं शिकतात. दहा सायलेन्सरचा आवाज करत आत शिरणारा ताफा कोणालाच नको असतो. आधी विचारायचं, गाड्या बाहेर लावायच्या, लोकांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. माडिया घरी गेल्यावर 'जोहार' म्हणायला प्रत्येकाला शिकव.

परतीची वाट नागभीड तालुक्यातल्या नांदेडवरून ने. नकाशावर ते आडवळणाचं वाटेल, पण दादाजी खोब्रागडे यांचं ते गाव आहे. थोडक्या शेतीचा हा माणूस. १९८३ मध्ये 'पटेल-३' धानाच्या बांधीत त्याला काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्याने त्या वेगळ्या काढल्या, पुन्हा पेरल्या, निवडल्या, आणि त्यातून बारीक तांदळाचं वाण आलं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती म्हणून नावही तेच पडलं. बियाणं देशभर गेलं, पैसा दुसऱ्यांनी कमावला. दादाजी २०१८ मध्ये वारले तेही हलाखीतच. पुण्या-मुंबईची माणसं तो भात रोज खातात आणि हे गाव त्यांना ठाऊक नसतं. रात्रीच्या जेवणात तोच भात वाढ आणि ही हकिगत सांग.

ही हकिगत तुझ्यासाठीही आहे. उद्या मोठी कंपनी येईल, तुझाच रस्ता, तुझेच मुक्काम उचलेल. रस्त्यावर कोणाचा हक्क नसतो. पण गावातल्या ज्या बाईच्या हातची भाकर तुझे पाहुणे खातात, तिला तू दर वेळी त्याच दिवशी, ठरलेले पैसे हातात देत असशील, तर ती दुसऱ्याला चूल देताना विचार करेल.

आता कागद. खाजगी नंबरच्या गाड्या भाड्याने देऊ नकोस. मोटरसायकल भाड्याने देण्यासाठी केंद्राची १९९७ ची योजना आहे. तिच्यात किमान पाच गाड्या परमिटसह लागतात आणि पाटी काळी, अक्षरं पिवळी. गोव्यात अशा गाड्या रस्तोरस्ती दिसतात, त्या याच. पांढऱ्या पाटीच्या गाडीवर अपघात झाला की विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग ताईचं घर धोक्यात. राज्याचं साहसी पर्यटन धोरणही २०२१ मध्ये आलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घे.

पण पाच गाड्या पहिल्याच वर्षी घ्याव्यात का? इथे मामाचं मत स्पष्ट आहे: नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, हेल्मेटमध्ये माणूस भाजतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. उरतो ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरचा काळ, म्हणजे फार तर अठरा-एकोणीस शनिवार-रविवार. हप्ते मात्र बाराही महिने. म्हणून पहिल्या वर्षी पाहुण्यांनी स्वतःच्या गाड्या आणाव्यात. नागपूर इथून दीडशे किलोमीटर, तिथली पोरं सकाळच्या नाश्त्याला पोहोचतात. तू वाट, मुक्काम, मेकॅनिक आणि सामानाची एक जीप एवढंच दे. उरलेले महिने गॅरेज आहेच.

एक चूक मामाच्या हातून झाली आहे, ती लिहितो. नोव्हेंबरात आठ जणांना घेऊन मूल गावाच्या बाजूला निघालो होतो, मामा सगळ्यांत पुढे, मागे कोणीच नाही. धानाची मळणी सुरू होती, डांबरावर तणस पसरलेली. ओळखीच्या डोळ्याला ती दुरून दिसते. पाचवा गडी शहरातला, त्याने ब्रेक दाबला आणि गाडी पाण्यावरून जावी तशी सरकली. खांद्याचं हाड मोडलं. पुढे गेलेल्या मामाला हे कळायला वीस मिनिटं लागली, कारण तिथे मोबाइलला रेंज नव्हती. त्या वीस मिनिटांची लाज अजून वाटते. तेव्हापासून घरचा एक माणूस पुढे आणि एक शेवटी, मागचा कोणालाही ओलांडून पुढे येत नाही.

सूर्य मावळायच्या आत मुक्काम. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानहत्ती गडचिरोलीत फिरतात. वाघ, रानडुक्कर, गुरं तर आहेतच. सूरजागडचं लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांनी आलापल्लीच्या बाजूचे रस्ते खणून काढलेत, अंधारात खड्डा दिसत नाही. निघताना वाटेतल्या पोलीस ठाण्याला नावं कळव. आलापल्लीला टाक्या भरून घे. ट्यूबचे टायर असतील तर लिव्हर, पंप, जास्तीच्या ट्यूब, क्लच वायर आणि चेनची लिंक जीपमध्ये. मच्छरदाण्या विसरू नकोस, गडचिरोलीत मलेरियाचा जोर असतो.

ताई हिशेब पाहणार असेल तर तिला पगार लाव, पहिल्या महिन्यापासून.

पुढच्या रविवारी ये. कर्जावर सही करायच्या आधी ये. आपण दोघं भामरागडपर्यंत जाऊन येऊ, तू मागे राहायचं. येताना जीपचे कागद आण, आणि ताईने केलेलं आंब्याचं लोणचं.

तुझा मामा