एक पाकीट, एक लिटर पाणी



उज्जैनच्या रामघाटावर क्षिप्रेत चिमूटभर मीठ टाकले तर कळणारही नाही. तेच तांब्यात टाकले तर पाणी खारट लागेल. मीठ तेवढेच, पाणी मात्र कमी-जास्त. एक लिटर द्रावणात पदार्थाचे किती मोल आहेत, ती त्याची मोलर संहती.

हिशेब सोपा आहे. ग्रॅमला रेणुभाराने भागावे. येतील ते मोल. त्यांना लिटरने भागावे.

जुलाबावरील ओआरएसचे मोठे पाकीट २०.५ ग्रॅमचे, एक लिटरसाठी असते.
ग्लुकोज: १३.५ ÷ १८० = ०.०७५ मोल.
मीठ: २.६ ÷ ५८.५ = ०.०४४ मोल. सायट्रेट क्षारातून आणखी सुमारे ०.०३ मोल सोडियम मिळते.

म्हणजे सोडियम आणि ग्लुकोज जवळजवळ सारखेच. आतड्यात ही दोन्ही जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जाते.

तेच पाकीट अर्ध्या लिटरमध्ये घोळले, तर संहती दुप्पट होते; बाळाच्या रक्तात मीठ वाढून झटके येऊ शकतात. फवारणीच्या औषधाचे माप आपण चुकवत नाही, मग लेकराचे का चुकवावे?

पाकिटावरील माप वाचावे. पाणी उकळून गार केलेले घ्यावे. द्रावण २४ तासांत संपवावे. मूल सुस्तावले किंवा लघवी थांबली, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.