उन्हाळ्यात उघडी पडलेली रॅम

रॅमचा बिघाड सहसा स्वतःच्या नावाने समोर येत नाही. गेम मध्येच बंद पडला की गेमच खराब वाटतो, स्क्रीन काळी झाली की ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर संशय जातो, ब्लू स्क्रीन आली की विंडोजला बोल लागतो. घरी कॉम्प्युटर जुळवून रॅम ओव्हरक्लॉक करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी ध्यानात घ्यावं. माझ्या मशीनमध्ये असा बिघाड कितीतरी दिवस लपून होता, आणि तेवढ्या काळात त्याने गेमपेक्षा मोलाच्या गोष्टींचं नुकसान केलं.

मशीन साधंच होतं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६-१६ जीबीच्या डीडीआर४ रॅमच्या दोन स्टिक. खोक्यावर छापलेला वेग ३६००, टायमिंग सीएल १८, व्होल्टेज १.३५. बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्यावर या वेगाने सगळं सुरळीत होतं. हिवाळ्यात मी वेग ३८०० वर नेला, सीएल १६ केलं, व्होल्टेज १.४ केलं आणि बाकीची टायमिंगही आवळली. त्यात टीआरएफसीही आलं. मग रात्रभर मेमटेस्ट८६ चालवली. एकही एरर आली नाही. पण ती नागपूरची जानेवारीतली रात्र होती, खोली गारठलेली होती आणि टेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्डाला काहीच काम नव्हतं.

एप्रिल लागला तसा गेम अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडू लागला. ड्रायव्हर काढून नवा टाकला, एसएमपीएसच्या केबल घट्ट केल्या, गेम पुन्हा डाउनलोड केला. ब्लू स्क्रीनवर कधी 'मेमरी मॅनेजमेंट' दिसायचं, कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', तर कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. दर वेळी वेगळा कोड येतो, हीच मोठी खूण होती. दोष एखाद्या ड्रायव्हरचा असेल तर बहुधा तोच कोड आणि तीच फाइल पुन्हा पुन्हा दिसते. रॅम चुकत असेल तर चुकलेला बिट ज्याच्या वाट्याला येईल ते कोसळतं.

खरा धक्का नंतर बसला. घरातल्या एका लग्नाचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावरून याच मशीनमधून एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतले होते. त्यातले काही वरून स्वच्छ होते आणि अर्ध्यातून खाली नुसती राखाडी पट्टी किंवा भलतेच रंग. कॅमेऱ्याचं कार्ड तोवर पुसून पुन्हा वापरात आलं होतं. फाइल कॉपी होते तेव्हा ती रॅममधून जाते. तिथे एखादा बिट बदलला तर डिस्क तो बदललेला बिट इमानाने लिहून ठेवते. कुठली सूचना येत नाही, कॉपी 'पूर्ण' झालेली दिसते. क्रॅश निदान दिसतो तरी. हे नुकसान फाइल उघडेपर्यंत दिसत नाही, आणि मला सगळ्यांना सांगायचं आहे ते हेच.

उन्हाळ्यातच असं का व्हावं? डीरॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या चार्जच्या रूपात असतो आणि तो चार्ज सतत गळत असतो. म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ पुन्हा भरून घ्यावी लागते. यालाच रिफ्रेश म्हणतात. तापमान वाढलं की गळती वाढते. म्हणूनच चिप ८५ अंशांच्या वर गेली तर रिफ्रेश दुप्पट वेळा करावा, असा नियम आहे. टीआरएफसी म्हणजे या रिफ्रेशसाठी राखून ठेवलेला वेळ. तो कमी केला की रॅम थोडी चपळ होते, पण चार्ज टिकवण्यासाठी हाताशी असलेली सवड आटते. थंडीत ती सवड पुरली. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खिडकीतला कूलर लावूनही खोली तापलेलीच असते. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा वर रॅमकडे जाते. तेव्हा ती सवड पुरली नाही.

हे ज्यांच्या वाट्याला येईल त्यांनी कुठल्या क्रमाने जावं, ते सांगतो.

सगळ्यात आधी लिहिणं थांबवा. संशय आला त्या क्षणापासून त्या मशीनवरून फोटो हलवू नका, जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका, विंडोजचे अपडेट घेऊ नका. बायोसचा अपडेटही रॅम मूळ वेगावर आणल्यावरच, आणि यूपीएस जोडून करा. मध्येच वीज गेली तर मदरबोर्डच हातचा जाऊ शकतो.

मग बायोसमध्ये मूळ सेटिंग परत आणा. मशीन चालूच होत नसेल तर वीज तोडून मदरबोर्डावरचा सीमॉस जंपर वापरा, किंवा सीआर२०३२ सेल काही मिनिटं काढून ठेवा. आता रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ अशा तिच्या मूळ वेगाने चालेल. याच वेगावर टेस्ट करा. एरर गेल्या तर दोष सेटिंगचा. तरीही आल्या तर स्टिक, स्लॉट किंवा बोर्डात खोट आहे. एकेक स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा, मग त्याच स्टिकला दुसरा स्लॉट द्या. एरर स्टिकबरोबर फिरते की स्लॉटला चिकटून राहते, यावरून उत्तर मिळतं. स्टिकच खराब असेल तर वॉरंटीत द्या. किट असेल तर सहसा दोन्ही स्टिक एकत्र पाठवाव्या लागतात.

मूळ वेग निर्दोष ठरला की वर चढायला हरकत नाही, पण एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहून ठेवा. पहिली पायरी एक्सएमपी. एक्सएमपी म्हणजे हमी, असं अनेकांना वाटतं. पण छापलेला वेग स्टिकपुरता असतो. रायझन ५ ५६०० ला अधिकृत पाठबळ ३२०० पर्यंतच आहे, त्यापुढे प्रत्येक प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर वेगळा निघतो. शिवाय या प्रोसेसरमध्ये ३६०० च्या रॅमबरोबर आतले भाग जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिक १८०० वर चालतं आणि ३८०० ला १९००. अनेक प्रोसेसरना १९०० झेपत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर १९' अशा नोंदी दिसू लागल्या तर आधी फॅब्रिकवर संशय घ्या. तिथे रॅमचं व्होल्टेज वाढवून काही साधत नाही.

व्होल्टेज हा सगळ्या दुखण्यांवरचा इलाज नव्हे. व्होल्टेज वाढलं की उष्णताही वाढते. माझ्यासारखा दोष उष्णतेचा असेल तर त्याने तो बळावेल. नव्या एएम५ बोर्डांवर तर विशेष जपावं. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यानंतर बायोस अपडेटमधून मेमरी कंट्रोलरला मिळणाऱ्या एसओसी व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालण्यात आली. ती ओलांडायच्या वाटा शोधू नका.

टेस्ट कशी करावी, यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे चारही पास पूर्ण होऊ द्या. तेवढ्यावर थांबू नका. विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी चालवा, आणि त्याच वेळी ग्राफिक्स कार्डालाही कामाला लावा. कॅबिनेटची बाजू बंद ठेवा आणि वेळ भर दुपारची निवडा. डीडीआर५ स्टिकमध्ये तापमानाचा सेन्सर असतोच, डीडीआर४ च्या काही स्टिकमध्येही असतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तो आकडा पाहत राहा. एक एरर आली तरी ते सेटिंग नापास समजा. 'एकच तर आहे' म्हणून सोडलेली एरर उद्या कुठल्या फाइलमध्ये जाऊन बसेल, याची कुणालाच शाश्वती देता येत नाही.

डीडीआर५ घेणाऱ्यांसाठी आणखी थोडं. चिपमध्येच चूक दुरुस्त करण्याची सोय आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती सोय चिपच्या आतल्या चुकांपुरती आहे, स्टिक ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. पहिल्यांदा मशीन सुरू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. रॅमचं ट्रेनिंग चाललेलं असतं, घाईने पॉवर बटण दाबू नका. हवी तेवढी रॅम दोन स्टिकच्या एकाच किटमध्ये घ्या. रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२०० चं अधिकृत पाठबळ आहे, चार स्टिकवर ते ३६०० वर येतं. आज एक किट आणि पुढच्या वर्षी तसंच दुसरं घेतलं, तर नाव तेच असूनही आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात.

रॅम दुरुस्त झाली तरी तिने आधी केलेल्या चुका डिस्कवर राहिलेल्या असतात. गेमच्या फाइल स्टीममधून पडताळून घ्या, विंडोजसाठी एसएफसी स्कॅन चालवा, आणि बिघाड फार दिवस चालला असेल तर विंडोज नव्याने टाका. त्या काळात कॉपी केलेले फोटो आणि कागदपत्रं उघडून पाहा. मूळ प्रत कुठे शिल्लक असेल तर ती मिळवायची हीच वेळ.

एवढा खटाटोप कशासाठी, हा हिशेबही मांडून पाहा. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागलं की रॅमचा प्रतिसाद नॅनोसेकंदात मिळतो. ३२०० ला सीएल १६, ३६०० ला सीएल १८ आणि ६००० ला सीएल ३०, तिन्हींचं उत्तर १० येतं. माझ्या ३८००, सीएल १६ चं साधारण ८.४ होतं. जे गेम मी खेळतो त्यांत ग्राफिक्स कार्डच मर्यादा घालतं, त्यामुळे तो फरक मला खेळताना कधी जाणवला नाही. आता रॅम पुन्हा ३६०० च्या एक्सएमपीवर आहे, टीआरएफसीही मूळ आकड्यावर, आणि हे सेटिंग भर उन्हाळ्यातल्या दुपारी तपासून घेतलेलं आहे.

ओव्हरक्लॉकिंग करूच नका, असं मी म्हणणार नाही. त्यातून मशीन आतून कळतं आणि तो आनंद खरा आहे. पण ज्या मशीनवर मुलांचा अभ्यास, ऑफिसचं काम किंवा घरचे फोटो आहेत, तिथे थंडीत पास झालेलं सेटिंग अजून तपासायचंच आहे असं समजा. तुमच्या घरातल्या सगळ्यात कडक दुपारी ते टिकेपर्यंत त्या मशीनमधून गेलेल्या कुठल्याही प्रतीवर विसंबून मूळ प्रत पुसू नका.