हॉस्पिटलमधून सुटल्यावर मेडिकेअर काय देतं, काय देत नाही

आई-वडील अमेरिकेत तुमच्याजवळ राहतात, त्यांच्याकडे मेडिकेअर आहे आणि खुब्याचं हाड मोडल्यामुळे किंवा पक्षाघातामुळे त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं आहे. लवकरच केस मॅनेजर येऊन विचारेल: रिहॅबला पाठवायचं की घरी न्यायचं? उत्तर घाईघाईत द्यावं लागतं आणि त्यावर हजारो डॉलरचा हिशेब ठरतो. म्हणून हे आधीच वाचून ठेवा.

मुख्य सूत्र एकच: मेडिकेअर उपचाराचे पैसे देतं, सांभाळण्याचे देत नाही. नर्सने जखमेचं ड्रेसिंग केलं किंवा फिजिओथेरपिस्टने चालायला शिकवलं, तर ते बिल मेडिकेअरचं. फक्त अंघोळ घालायला, भरवायला, रात्री सोबतीला माणूस हवा असेल, तर ते बिल तुमचं. खालचे आकडे २०२६चे आहेत. दर जानेवारीत ते बदलतात.

आधी कार्ड बघा

कार्डावर पार्ट ए आणि पार्ट बी दोन्ही आहेत का? रिहॅबसाठी पार्ट ए लागतोच. फक्त पार्ट बी असेल तर घरी येणारी नर्स आणि थेरपी मिळते, रिहॅबमधला मुक्काम मिळत नाही.

मुलांकडे ग्रीन कार्डावर आलेल्या आई-वडिलांना वयाची ६५ वर्षं आणि अमेरिकेतला सलग पाच वर्षांचा वास्तव्यकाळ पूर्ण झाल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. पार्ट ए फुकट मिळण्यासाठी स्वतःची किंवा जोडीदाराची अमेरिकेतली सुमारे दहा वर्षांची नोकरी लागते. मुलाने किंवा मुलीने भरलेला कर इथे धरला जात नाही. नोकरी अजिबात नसेल किंवा साडेसात वर्षांपेक्षा कमी असेल, तर पार्ट एचा हप्ता महिन्याला ५६५ डॉलर. साडेसात ते दहा वर्षांच्या मध्ये असेल तर ३११. पार्ट बीचा सर्वसाधारण हप्ता २०२.९० डॉलर. नाव उशिरा नोंदवलंत तर पार्ट बीवर दर पूर्ण वर्षामागे दहा टक्के दंड लागतो आणि तो सहसा कायमचा चिकटतो. त्यामुळे पाच वर्षं भरत आली की ग्रीन कार्ड, पासपोर्ट आणि वास्तव्याचे पुरावे घेऊन सोशल सिक्युरिटी कार्यालय गाठा.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना यातलं काहीच लागू नाही. आणि मेडिकेअर असलेले वडील ‘पुण्याला जाऊन विश्रांती घेतो’ म्हणाले, तर तिथल्या नर्सचे किंवा थेरपीचे पैसे मेडिकेअर देत नाही.

रिहॅब: रात्री मोजा

रिहॅब म्हणजे बहुधा स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी. तिथलं बिल मेडिकेअरने भरावं यासाठी आधी हॉस्पिटलमध्ये सलग तीन दिवस ‘इनपेशंट’ म्हणून मुक्काम हवा. इमर्जन्सीतले तास धरत नाहीत, ‘ऑब्झर्वेशन’चे (रीतसर दाखल न करता देखरेखीखाली ठेवल्याचे) धरत नाहीत, डिस्चार्जचा दिवसही धरत नाहीत.

समजा, वडिलांना सोमवारी संध्याकाळी इमर्जन्सीत आणलं. रात्रभर खाटेवर होते, सलाईन चालू होतं, पण इनपेशंटची ऑर्डर मंगळवारी दुपारी निघाली. गुरुवारी डिस्चार्ज मिळाला, तर मंगळवार आणि बुधवार असे दोनच दिवस भरले. रिहॅबचं सगळं बिल तुमच्या गळ्यात. शुक्रवारी मिळाला तर तीन भरले. म्हणून पहिल्या दिवसापासून रोज नर्सला आणि डॉक्टरला विचारा: ‘इनपेशंट की ऑब्झर्वेशन?’ वॉर्ड तोच, खाट तीच, त्यामुळे बघून कळत नाही. २४ तासांहून जास्त ऑब्झर्वेशनवर ठेवलं तर हॉस्पिटलने तशी लेखी नोटीस द्यावी लागते. हातात पडताच डॉक्टरशी बोला. आधी इनपेशंट करून नंतर ऑब्झर्वेशनवर टाकलं असेल, तर ठरावीक परिस्थितीत २०२५पासून त्याविरुद्ध अपील करता येतं.

तीन दिवस भरल्यावर साधारणपणे ३० दिवसांच्या आत रिहॅबमध्ये दाखल व्हा. खर्च असा: पहिले २० दिवस शून्य, २१ ते १०० या दिवसांसाठी रोज २१७ डॉलर, १०१व्या दिवसापासून सगळं तुमचं. म्हणजे पूर्ण १०० दिवस राहिल्यास १७,३६० डॉलर. शिवाय हॉस्पिटलच्या मुक्कामाची १,७३६ डॉलरची वजावट वेगळी. मेडिगॅपचा, म्हणजे मेडिकेअरला पूरक खासगी विम्याचा, जी किंवा एन प्लॅन असेल तर २१ ते १०० दिवसांचा रोजचा हिस्सा तो भरतो.

१०० दिवस ही कमाल मर्यादा आहे, हमी नाही. नर्सिंगची किंवा थेरपीची रोजची गरज संपली की पैसे थांबतात.

मेडिकेअर अॅडव्हान्टेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर, याचे नियम वेगळे. बरेच प्लॅन तीन दिवसांची अट घालत नाहीत, पण आधी मंजुरी मागतात आणि आपल्या नेटवर्कमधल्याच जागा देतात. मंजुरी लेखी हातात आल्याशिवाय हलू नका.

घरी: फुकट, पण तासांवर

घरच्या सेवेसाठी आधी हॉस्पिटलमध्ये राहिलेलं असावं अशी अट नाही. चार गोष्टी लागतात: डॉक्टरची ऑर्डर, सेवा सुरू होण्याआधीच्या ९० किंवा नंतरच्या ३० दिवसांत या कारणासाठी झालेली तपासणी, रुग्ण ‘होमबाउंड’ असल्याची नोंद, आणि मेडिकेअरमान्य एजन्सी. होमबाउंड म्हणजे खाटेला खिळलेला असा अर्थ नाही. वॉकर किंवा माणसाचा आधार लागत असेल आणि घराबाहेर पडायला खूप कष्ट पडत असतील, तर ते पुरेसं आहे. डॉक्टरकडे, देवळात किंवा क्वचित घरच्या कार्याला गेल्याने हक्क जात नाही.

नर्स, फिजिओथेरपी, वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी यांचं तुमच्या वाट्याचं बिल शून्य. एजन्सीने सहसा ४८ तासांच्या आत पहिली भेट द्यावी लागते. ऑर्डर ६० दिवसांची असते; गरज असेल तितक्या वेळा डॉक्टर ती पुढे वाढवू शकतात. अंघोळ घालायला मदतनीस येते, पण नर्सिंग किंवा थेरपी चालू असेपर्यंतच. नर्स आणि मदतनीस मिळून दिवसाला आठ तासांपेक्षा कमी आणि आठवड्याला फार तर २८ तास, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. प्रत्यक्षात आठवड्यातून दोन-तीन छोट्या भेटी धरून चला आणि बाकीच्या वेळेची सोय घरात आधी लावा.

छुपे खर्च

• वॉकर, व्हीलचेअर, हॉस्पिटलसारखी खाट, कमोड खुर्ची: पार्ट बीची २८३ डॉलरची वार्षिक वजावट भरल्यावर २० टक्के तुमचे. मेडिकेअरचा ठरलेला दर मान्य करणारा दुकानदारच निवडा, नाहीतर फरकही तुमच्यावर पडतो.
• न्हाणीघरातले धरायचे दांडे, अंघोळीची खुर्ची, कमोडवर बसवायची उंच सीट: यांचे सगळे पैसे तुमचे.
• रिहॅबमधून घरी आणणारी व्हीलचेअर व्हॅन: तुमची.
• रिहॅबमध्ये स्वतंत्र खोली हौसेने घेतलीत तर फरक तुमचा. मधेच पुन्हा हॉस्पिटलला जावं लागलं तर खाट राखून ठेवण्याचे पैसे मेडिकेअर देत नाही; सही करण्यापूर्वी दर विचारा.
• रिहॅबच्या मुक्कामातली औषधं बिलात धरलेली असतात, घरी आल्यावर ती पार्ट डी या औषधविम्यातून. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच प्रिस्क्रिप्शन फार्मसीकडे पाठवायला लावा.

हॉस्पिटलने एजन्सी आणि रिहॅबची यादी दिलीच पाहिजे, आणि निवड तुमची असते. पहिलं नाव सुचवलं म्हणून हो म्हणू नका. मेडिकेअरच्या संकेतस्थळावरच्या ‘केअर कम्पेअर’मध्ये तारांकन बघा, मग फोन करा. शाकाहारी जेवण मिळतं का, रोज भात-वरण घरून आणलं तर चालेल का, तेही तेव्हाच विचारा. आजारी माणूस जेवलाच नाही तर थेरपीला उभा कसा राहील?

‘आता सुधारणा नाही’ असं म्हणाले तर

सेवा थांबवायला हे कारण पुरेसं नाही. २०१३च्या ‘जिमो’ खटल्यातल्या तडजोडीनंतर नियम स्पष्ट आहे: प्रकृती टिकवण्यासाठी किंवा ढासळू नये म्हणून प्रशिक्षित माणसाची गरज असेल, तर सुधारणा होत नसली तरी मेडिकेअर पैसे देतं. सेवा बंद करण्याच्या किमान दोन दिवस आधी लेखी नोटीस मिळायला हवी. तिच्यावर अपिलाचा फोन नंबर असतो. सेवा संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी १२च्या आत फोन करा. नोटिशीवरची सही म्हणजे संमती नाही, नोटीस मिळाल्याची पोच आहे. अपील हरलात तर शेवटच्या तारखेनंतरच्या दिवसांचं बिल येऊ शकतं, म्हणून डॉक्टरचं पत्र लगेच मागा.

दिवसभर माणूस लागणारच असेल, तर मेडिकेअरकडे डोळे लावू नका. उत्पन्न आणि बचत कमी असेल तर राज्याच्या मेडिकेडकडे चौकशी करा. काही राज्यांत सांभाळणाऱ्या नातेवाइकालाही त्यातून मानधन मिळतं. ग्रीन कार्डधारकांना तिथेही बहुधा पाच वर्षांची अट आहे.

एका फाइलमध्ये हे ठेवा: मेडिकेअर आणि मेडिगॅप किंवा अॅडव्हान्टेजचं कार्ड, औषधांची यादी, आलेल्या सगळ्या नोटिसा, आणि आई-वडिलांच्या सहीचा तुमच्याशी बोलण्याचा अधिकृत परवाना. तो नसेल तर मेडिकेअर तुम्हाला त्यांची माहिती देणार नाही.

शंका असेल तर १-८००-६३३-४२२७ वर फोन करा; दुभाषी विनामूल्य मिळतो. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची मोफत सल्लासेवाही आहे. विमा विकणाऱ्या एजंटाआधी तिथे विचारा. आणि आई-वडील इनपेशंट आहेत की नाहीत, हे कळल्याशिवाय त्यांना हॉस्पिटलमधून हलवू नका.