पक्षाच्या नावात 'ख्रिस्ती' : पूर्व तिमोरचा अनुभव

मननासाठी शास्त्रभाग : मार्क १२:१३-१७, यिर्मया २९:४-७

ज्या देशात शंभरांतील नव्वदांहून अधिक लोक कॅथोलिक आहेत, तेथे 'ख्रिस्ती' हे नाव धारण करणाऱ्या पक्षाला किती यश मिळावे? पूर्व तिमोरमध्ये ३० ऑगस्ट २००१ रोजी संविधान सभेची निवडणूक झाली. ८८ जागांपैकी ख्रिस्ती लोकशाही पक्षाला दोन मिळाल्या. त्याच विचाराच्या दुसऱ्या एका गटाला एक. फ्रेतिलिन पक्षाने ५५ जागा जिंकल्या आणि २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्या पक्षाचे मारी आल्कातिरी पंतप्रधान झाले. ते मुसलमान आहेत!

तिमोरी लोक श्रद्धेत थंड होते, असे मात्र कोणी समजू नये. १९७५ मध्ये इंडोनेशियाने आक्रमण केले, त्या वेळी तेथील कॅथोलिक निम्म्याहूनही कमी होते. पुढील चोवीस वर्षांत ही संख्या झपाट्याने वाढली. प्रत्येक नागरिकाने मान्यताप्राप्त धर्मांपैकी एक सांगितलाच पाहिजे, असा शासनाचा दंडक होता, हे त्याचे एक कारण. परंतु पोर्तुगीज भाषेला बंदी झाल्यावर ख्रिस्तसभेने उपासनेसाठी राज्यकर्त्यांची भाषा न घेता लोकांची तेतुम भाषा स्वीकारली, जुलमाने गांजलेल्यांची बाजू घेतली, हे कारण अधिक खोल आहे. स्वतंत्र देशाच्या संविधानाच्या उद्देशिकेत या सोबतीचा कृतज्ञ उल्लेख आहे. राजधर्म मात्र कोणताही नाही.

जी ख्रिस्तसभा साऱ्या जनतेची झाली होती, तिच्या नावावर एका पक्षाने हक्क कसा सांगावा? फ्रेतिलिनचा मतदारही रविवारी मिस्साला जातच होता. जर्मनीत आडेनाउअर यांच्या पक्षाने कॅथोलिक व प्रॉटेस्टंट यांना एकत्र आणले, तेव्हा त्या नावाला काही काम होते. तिमोरमध्ये ते काम उरले नव्हते, असे मला वाटते.

पक्षावाचून ख्रिस्तसभा दुबळी राहिली काय? २००५ मध्ये सरकारने शाळांतील धर्मशिक्षण ऐच्छिक करण्याचे ठरविले, तेव्हा धर्मगुरूंच्या हाकेने हजारो लोक दिली शहराच्या रस्त्यावर उतरले. सुमारे तीन आठवड्यांनी समझोता झाला : विषय अभ्यासक्रमात राहील, मुलाने वर्गात बसावे की नाही हे पालक ठरवतील. (पंतप्रधानांच्या राजीनाम्याचीही मागणी त्या आंदोलनात झाली, ती मर्यादेत होती की नाही, यावर मतभेद होऊ शकतो.)

२००७ च्या निवडणुकीत संसदेत प्रवेशासाठी तीन टक्के मतांची अट होती. ख्रिस्ती लोकशाही पक्षाला ती पार करता आली नाही.